बोटीतले प्रभाकरराव

देवळी, ६ फेब्रुवारी १९८३

चंद्रभान,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसशील तर आधी शेवटची सही बघ आणि मग पुढे वाच. दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. दर दिवाळीला माझ्या शाळेच्या पत्त्यावर तुझं रंगीत कार्ड येतं. मी ते टेबलाच्या खणात टाकते आणि वर्गावर जाते. म्हणजे पत्ता होता, लिहायची इच्छा नव्हती. आज लिहिते आहे ते एक गोष्ट विचारायला, आणि उत्तर खरं पाहिजे.

आई-बाबा अमेरिकेला निघालेत. नायगराचा धबधबा बघायला.

नागपूरला सीताबर्डीवर एक सहलीवाली कंपनी आहे. ती म्हाताऱ्या माणसांना सांभाळून नेते, जेवायला वरणभात देते, सोबत मराठी बोलणारा माणूस देते म्हणे. बाबांनी मला न विचारता फंडातून पैसे काढले आणि भरून आले. मला कळलं ते पावती दाखवली तेव्हा. आता तूच सांग, ज्या माणसाने शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली की "मले बाहेरचं पानी चालत नाई" म्हणून स्वतः घरी राहायचं, त्याला अचानक समुद्रापलीकडचं पाणी कसं चालायला लागलं? मी विचारलं तर म्हणाले, "कोकिळे, सारी नोकरी पोरायले नायगरा शिकवला. फयावर काढून काढून हात दुखले. येकडाव डोयानं तं पाह्यतो." आई तर पुलगावच्या बसमध्येसुद्धा तोंडाला पदर लावून बसणारी. ती म्हणते, "ते जातात तं मी काऊन नाई जाऊ?"

मला हे काही पटत नाही. मी शाळेतला मोठा नकाशा काढून पट्टी ठेवून पाहिलं. तू राहतोस ते कॅनडातलं हॅमिल्टन त्या धबधब्यापासून बोटाच्या पेराएवढंही लांब नाही.

तू विसरला असशील तर आठवण देते. इथून जाण्याआधी शालूशी तुझं साक्षगंध झालं होतं. तिचे वडील बाबांचे जिवाभावाचे मित्र. तू तिकडे जाऊन वर्षाच्या आत भलतीशीच लग्न केल्याचं कळवलंस. बाबा पत्र वाचून उठले, पौषाच्या थंडीत विहिरीवर गेले, माणूस गेल्यावर करतात तशी तुझ्या नावानं आंघोळ केली आणि ओल्या धोतरानं घरात येऊन म्हणाले, "मायं पोरगं गेलं." त्या दिवसापासून या घरात तुझं नाव कोणी घेत नाही. शालूचं केव्हाच हिंगणघाटला चांगलं झालं, तिला तुझा चेहराही आठवत नसेल. बाबांचं मात्र तसं नाही. असा माणूस धबधबा बघायला तुझ्या दाराशी येतो, तेव्हा मधे कोणीतरी आहे. तूच आहेस. आईला कोणाच्या हातून निरोप पाठवलास ते लिही. आणि पुढचा बेत काय आहे तेही लिही.

कोकिळा


देवळी, २० मार्च १९८३

चंद्रभान,

तुझं पत्र आलं. "ताई, मला यातलं काहीच माहीत नाही, मी कोणाला निरोप पाठवला नाही, आई कशी आहे?" एवढंच. लहानपणीही दुधावरची साय खाऊन तू असाच साळसूद तोंडानं उभा राहायचास आणि मार मला बसायचा. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही हे तुला माहीत असूनही तू दोनच ओळी लिहिल्यास, यावरूनच मला जे समजायचं ते समजलं.

इकडे रोज काहीतरी नवीन निघतं. पासपोर्टच्या चौकशीला वर्ध्याहून पोलीस शिपाई आला होता. बाबांची सवय तुला ठाऊक आहे, मराठी माणूस समोर आला की आधी आडनाव, मग गाव, मग मामकुळ. त्यात एसटीचा कंडक्टरही सुटत नाही. शिपायाने वही उघडायच्या आत बाबांनी त्याचीच चौकशी पूर्ण केली. तो आर्वीकडचा निघाला, त्याचे मामा बाबांचे विद्यार्थी निघाले, आणि तो चहा पिऊन, पाया पडून गेला. बाबांना काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं त्याचं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्यांनी कंपनीला सांगून कॅनडाचा वेगळा शिक्का मागितला. कंपनीचे बहुतेक लोक अमेरिकेच्या बाजूनं धबधबा बघून परत फिरणाऱ्या सहलीला पैसे भरताहेत. बाबांनी मात्र नदी ओलांडून पलीकडे जाऊन राहणारी सहल शोधून काढली. मी म्हटलं, का? तर म्हणाले, "घोड्याच्या नालेचा आकार क्यानडाकडूनच दिसते. पुस्तकात आहे." पुस्तकात आहे हे खरं आहे, मी काढून पाहिलं. खऱ्या कारणाच्या मागे दुसरं कारण चांगलं लपतं, एवढं मीही शाळेत शिकवून शिकले आहे.

आणि आई दह्यातल्या मिरच्या वाळवते आहे. गच्चीवर दोन सुपं भरून. बाबांना आम्लपित्त, ते मिरचीला शिवत नाहीत. सहलीवाले जेवण देतात. मग या मिरच्या कोणासाठी? विचारलं तर म्हणते, "लोकायच्या देशात तोंडाले चव राह्यते काय?" स्वतःच्या तोंडासाठी तिने जन्मात काही केलेलं मी पाहिलं नाही. मिरच्या कोण चवीनं खायचं या घरात, ते तुला सांगायला नको.

तुझे भावोजी मधुकरराव मला हसतात. पुलगावच्या गिरणीतून दमून आलेला माणूस, त्याला काय. "तुमी पोलिसात पाह्यजे होत्या," म्हणतात. हसू देत.

कोकिळा


देवळी, १७ एप्रिल १९८३

चंद्रभान,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे. आता मी माझ्याकडचे पत्ते उघडे करते, म्हणजे उद्या "मला माहीत नव्हतं" म्हणायला तुला जागा उरणार नाही.

मंडळी वीस मेला मुंबईहून विमानात बसणार. अठ्ठावीस मेला संध्याकाळी कॅनडाच्या बाजूला, धबधब्यासमोरच्या हॉटेलात उतरणार. हॉटेलचं नाव कंपनीच्या छापील कागदावरून पत्राच्या मागे उतरवून दिलं आहे. एकोणतीस मे, रविवार, सकाळी नऊला सगळे बोटीत बसून धबधब्याच्या पायथ्याशी जाणार. तीसला दुपारी परत अमेरिकेत. बघ, मला सगळं माहीत आहे. तुला जे करायचं ते या दोन दिवसांतच करावं लागणार, हेही मला कळतं.

आता माझी भीती सरळ लिहिते. तू त्यांना घरी नेशील. तुझी बायको गोड बोलेल. आई तुझ्या गळ्यात पडेल आणि बाबांचा हट्ट तिथल्या थंडीत विरघळेल. मग पंधरा दिवस, मग महिना, मग "आता कशाला परत जाता?" आणि मी इथे त्यांच्या घराची किल्ली घेऊन उभी राहीन. दहा वर्षं सकाळ-संध्याकाळ मी या गल्लीतून त्या गल्लीत डबा नेते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात उशाशी मी बसले. आईला सणासुदीला डोळ्यांत पाणी आलं की पदर मी पुढे केला, आणि ते पाणी कोणासाठी होतं ते विचारलं नाही. माझ्याजवळ ते दोघंच आहेत, चंदू. तुझ्याकडे सगळं आहे. त्यांना घेऊन जाऊ नकोस.

त्या रविवारी तू त्या बोटीच्या आसपास दिसलास, तर मी समजेन की माझा संशय खरा होता.

कोकिळा


देवळी, १९ जून १९८३

चंद्रभान,

ते परत आले. दोघंही. वर्धा स्टेशनवर उतरताना मी आधी मोजून घेतलं, माणसं दोन, पेट्या दोन.

आठ दिवसांपासून घराला बाजार झाला आहे. गुरुजी अमेरिका पाहून आले म्हणून देवळीतला प्रत्येक जुना विद्यार्थी येऊन बसतो. बाबा खाटेवर बसून सांगतात, "पान्याचा आवाज असा का बाजूचा मानूस बोलते ते आयकू येत नाई. धुकं म्हना का पाऊस म्हना, खालून वर येते." मग सहलीतल्या प्रत्येकाची वंशावळ. अकोल्याचे देशमुख, त्यांची सून कुठली, खामगावच्या दोन विधवा बहिणी, त्यांचं माहेर कोणतं, सोबत दिलेला तो मराठी पोरगा मूळचा साताऱ्याचा पण आजोळ अमरावतीचं. सगळं तोंडपाठ.

मी कोपऱ्यात सुपारी कातरत ऐकते आणि ज्याची वाट बघते ते काही येत नाही. म्हणून काल लोक गेल्यावर मीच विचारलं, "बोटीत कोण कोण होतं?"

"सारेच होते," बाबा म्हणाले. "साऱ्यायले रबराचे काये रेनकोट देतात. टोपी वढली का बायको कोनती अन् मानूस कोनता समजत नाई." मग माझ्या पुढ्यातली सुपारी उचलून, "येक आपल्याकडला मानूस भेटला. बोटीवर चढताना माया पाय घसरला तं त्यानं दंड धरला. मंग उतरेपर्यंत सोडला नाई."

"आपल्याकडला म्हणजे?"

"मराठी बोलत होता. प्रभाकरराव नाव सांगतलं. चांगला मानूस."

माझ्या हातातला अडकित्ता थांबला. आईकडे पाहिलं तर ती तांदूळ निवडत होती आणि तांदळात खडा नसतानाही निवडत होती. नंतर स्वयंपाकघरात तिला गाठलं. मिरच्यांचा डबा तिच्या पेटीत नव्हता, ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. "डबा कुठे गेला?"

"देला त्या मानसाले."

"कोणत्या?"

"प्रभाकररावाले. म्हनलं, तिकडं भेटत नसन. लेकरू..." एवढं बोलली आणि जीभ चावली. "मानूस चांगला होता. मी काय वयखू? सारे रेनकोटात होते."

प्रभाकरराव! नाव तरी जरा लांबचं शोधायचं होतंस. तुझ्या वर्गातला नाही का प्रभाकर, ज्याच्या वह्या तू उतरवायचास? मी लिहून कळवलं होतं तरी तू गेलासच. म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं होतं. फक्त बाबांना काय वाटलं ते मला कळत नाही. ते इतके निवांत का आहेत? तू त्यांना काय सांगितलंस? काय कबूल करून घेतलंस? हे मला कळलंच पाहिजे.

कोकिळा


देवळी, २४ जुलै १९८३

चंदू,

तुझं लांबलचक पत्र परवा मिळालं. शाळेत वाचलं, मग वर्ग सोडून पाण्याच्या टाकीमागे जाऊन पुन्हा वाचलं.

तू लिहितोस की तुला खरंच काही माहीत नव्हतं. माझ्या तिसऱ्या पत्रातली तारीख, हॉटेल आणि बोटीची वेळ वाचून तुला वाटलं, ताईला उघड बोलावता येत नाही म्हणून ती असं रागानं बोलावते आहे. "तुझ्यामुळे मी गेलो," असं तू लिहिलंस. मी तुला धमकी दिली होती रे! ते वाचून मी कपाळावर हात मारला. ज्या कटावर मी सहा महिने पहारा दिला, तो माझ्याच पत्रातून निघाला. हे मी मधुकररावांना सांगितलेलं नाही. तूही कधी सांगू नकोस, आयुष्यभर हसतील.

पुढचं वाचताना मात्र मला हसू आलं नाही. तू लिहितोस की बाबांनी नाव विचारलं तेव्हा तुझ्या तोंडातून भलतंच नाव निघालं. बाबांनी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. प्रभाकरराव." मग बोट फिरून येईपर्यंत ते तुला वर्गातल्यासारखं शिकवत राहिले. खालचा दगड नरम, वरचा कडक, खालचा झिजला की वरचा आपोआप कोसळतो, म्हणून धबधबा दरसाल मागे मागे सरकतो. सगळं अहो-जाहो करून. "तुम्ही पाहा", "तुम्ही सांभाळा". किनाऱ्यावर उतरल्यावर नमस्कार करून वळले. "ताई, बाबांनी मला ओळखलंच नाही. दाढी होती, टोपी होती, दहा वर्षं झाली. आता माझी खात्री झाली की त्यांच्या लेखी मी खरंच नाही. यापुढे कार्डही पाठवणार नाही," असं तू शेवटी लिहिलंस.

थांब. कार्ड बंद करायच्या आधी माझं ऐक. संशय घेणं मला तुझ्यापेक्षा जास्त जमतं.

तुझं पत्र वाचून मी तशीच त्या घरी गेले. बाबा अंगणात खाट टाकून पेपर वाचत होते. चष्म्याशिवाय. ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या रस्त्यानं कोणाची बकरी गेली तेसुद्धा ते सांगतात. मी शेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हटलं, "बाबा, त्या प्रभाकररावांचं आडनाव काय हो?"

"इचारलं नाई."

"गाव कोणतं?"

"नाई इचारलं."

"मामकुळ?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "तू काऊन मांगं लागून राह्यली?"

चंदू, तुला कळतंय का मी काय म्हणते ते? चौकशीला आलेल्या पोलिसाचं मामकुळ काढणारा माणूस. साता समुद्रापलीकडे, एवढ्या गोऱ्या लोकांत एक मराठी बोलणारा भेटतो, दंड धरून उभा राहतो, आणि बाबा त्याला आडनाव विचारत नाहीत? गाव विचारत नाहीत? अकोल्याच्या देशमुखांच्या सुनेचं माहेर माहीत, आणि तुझं काहीच नाही? मी त्यांना जन्मापासून ओळखते. त्यांनी जगात एकाच माणसाला आडनाव विचारलं नसेल. विचारलं असतं तर तुला काहीतरी सांगावं लागलं असतं. तू खरं सांगितलं असतंस तर त्यांना तोंड फिरवावं लागलं असतं, आणि खोटं सांगितलं असतंस तर तेही त्यांना ऐकवलं नसतं. म्हणून ते गप्प राहिले आणि तुला दगडांचं सांगत बसले. तू दंड सोडला नाहीस म्हणतोस. त्यांनीही सोडवून घेतला नाही ना?

मी एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला ते ओळखीचे वाटले का?"

त्यांनी पेपर उशाखाली सरकवला. मग म्हणाले, "मेलेल्या मानसाशी बोलता येत नाई, कोकिळे. मी सोता आंघोळ केली, साऱ्या गावानं पाह्यलं. पन परक्या मानसाशी बोलाले काय हरकत आहे?"

मला रडू आलं. मी अंगणातच रडले, आईही येऊन उभी राहिली. इतकी वर्षं मला वाटायचं की तू आलास तर माझ्या वाट्याचं काहीतरी कमी होईल. त्यांना तसं बघितल्यावर वाटलं की त्यांच्याच वाट्याचं किती कमी झालं होतं, आणि मी डबा नेऊन ते भरत होते असं समजत होते. तेव्हा ये, चंदू. मी भांडणार नाही. निदान पहिले दोन दिवस तरी नाही.

मी हे पत्र त्याच अंगणात बसून लिहिते आहे. मघाशी बाबांनी विचारलं, "कोनाले लिहून राह्यली?"

"प्रभाकररावांना," मी म्हटलं.

पत्ता माझ्याकडे कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मायाकडून दोन ओई टाक. म्हन, दिवाईले या. थंडी बरी असते. घरची मंडई असन तं त्यायलेई आना. विटाळ-चांडाळ आमी पाह्यत नाई आता."

मी नवा कागद घेतला. "सुरुवात काय करू? सप्रेम नमस्कार?"

"नमस्कार काऊन?" ते म्हणाले. "लहान आहे तो."

"मग?"

आई दारात उभी होती, हातातलं पीठ तसंच. बाबा विहिरीकडे नाही, माझ्याकडेही नाही, नुसतं त्या कागदाकडे बघत होते.

"चिरंजीव लिह," ते म्हणाले.

मी लिहिलं. "पुढे प्रभाकरराव लिहू?"

"नको. जागा सोड," ते म्हणाले. "त्याले म्हनजो, आल्यावर तूच भरजो."

सोबतच्या कागदावर ती जागा कोरी दिसेल. माझी शाई संपलेली नाही.

ताई